वधूवरांचा स्वपरिचय

विवाहेच्छु तरुण-तरुणी आंतरजालावरील विवाहस्थळांवर आणि ॲपांवर स्वतःविषयीं ज्या चार ओळी लिहितात, त्यांस वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. परंतु कित्येक कादंबऱ्यांच्या वाट्यास न येणारी उत्कंठा या ओळींच्या वाट्यास येते, आणि दोन जीवांचें सुखदुःख पुष्कळदां त्यांवर अवलंबून असतें. म्हणून त्यांचें परीक्षण व्हावयास हवें.

असे स्वपरिचय ओळीनें वाचीत गेल्यास प्रथम जाणवतो तो त्यांचा सारखेपणा. वर 'निर्व्यसनी व सुसंस्कृत', वधू 'मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष'. वाचन, प्रवास आणि संगीत यांची आवड दोघांसही. नाशिकचा मुलगा व कोल्हापूरची मुलगी यांचीं नांवें पुसून टाकलीं, तर कोणता परिचय कोणाचा हें त्यांच्या मातापित्यांसही ओळखतां येणार नाहीं. याचें एक कारण जुनें आहे. वर्तमानपत्रांतील 'वर पाहिजे', 'वधू पाहिजे' या जाहिरातींस शब्दांच्या वा ओळींच्या हिशेबानें पैसे पडत. त्यामुळें 'गोरी, सुस्वरूप, उच्चशिक्षित' अशी तुटक विशेषणांची भाषा रूढ झाली. आतां जागेची टंचाई संपली, भाषा मात्र तीच राहिली. त्यांतलीं कांहीं विशेषणें तर निरुपद्रवीही नव्हतीं. 'शादी डॉट कॉम' या संकेतस्थळास त्वचेच्या वर्णानुसार निवड सुचविणारी सोय जून २०२० मध्यें, तक्रारी झाल्यावर, काढून टाकावी लागली.

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकांतील ऑलिव्हिया आपल्या सौंदर्याची दुकानी यादी करून थट्टा करते. आमचे विवाहेच्छु तीच यादी गंभीरपणें करतात. याच्या उलट, ज्या कथेवर एकनाथांनीं १५७१ सालीं 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलें, तींतील रुक्मिणीचें पत्र पाहावें. ती आपल्या रूपगुणांची जंत्री देत नाहीं. आपल्याला कोण हवा, कोण नको, आणि कोठें व केव्हां यावें, हें निःसंकोच सांगते. लिहिणारी कोण आहे तें त्यावरूनच कळतें.

दुसरा धडा नाशिकजवळच्या जलालपुरीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचा. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें'त त्या स्वतःस भोळ्या, धीट वा विनोदी म्हणवून घेत बसत नाहींत. त्या प्रसंग सांगतात, स्वतःची फजितीही सांगतात. विशेषण वाचक आपल्या मनानें जोडतो. म्हणून 'प्रवासाची आवड' याऐवजीं 'श्रावणांत ब्रह्मगिरीची फेरी करतों, पण पहांटे उठणें जिवावर येतें' असें कोणी लिहिलें, तर त्या एका वाक्यांत माणूस उभा राहतो. 'वाचनाची आवड' याऐवजीं अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचें नांव अधिक बोलकें.

अशा लेखनानें स्थळें कमी येतील, अशी वडीलधाऱ्यांची भीति असते. पुष्कळ परिचय तेच लिहितात, म्हणून ती लेखणींत उतरते. ती अगदींच निराधार नाहीं. पण ज्याला पहांटे न उठणारा जोडीदार चालणारच नाहीं, त्याचा नकार लग्नानंतर येण्यापेक्षां आधीं आलेला बरा. शंभरांस न खटकणाऱ्या मजकुरानें शंभर भेटी होतील. त्यांतून ओळख होईलच असें नाहीं, आणि प्रत्येक भेटीनंतरच्या मौनाचा भार बहुधा मुलीवर पडतो.

मनमोकळेपणा म्हणजे सर्वस्व उघडें करणें नव्हे, हेंही सांगणें अवश्य आहे. हा मजकूर अनोळखी माणसेंही वाचतात. घरचा पत्ता, नोकरीचें ठिकाण, कुटुंबांतील दुःखें यांस तेथें जागा नसावी. सवय सांगावी, पत्ता सांगूं नये.

परिचय वडिलांनीं लिहावा कीं स्वतः, याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. नल-दमयंतीच्या आख्यानांत नलाचे गुण हंसानें गाइले, पण स्वयंवरांत नलाचेंच रूप घेऊन बसलेल्या देवांतून खरा नल ओळखण्याचें काम दमयंतीसच करावें लागलें. ज्यास आयुष्य काढावयाचें आहे, त्यानें या चार ओळी तरी स्वतः लिहाव्यात. वडिलांनीं शुद्धलेखन तपासावें.