हौशी खेळाडूचे चरित्र आणि मराठी क्रीडालेखन : प्रा. दि. ब. देवधर यांच्या संदर्भात

प्रा. दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) यांच्यावरील मराठी लेखन बहुतांशी गौरवपर आहे. १९२६ मध्ये गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध केलेल्या १४८ धावा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध काढलेल्या २४६, आणि १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत झळकावलेली शतके यांची उजळणी होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ मध्ये रणजी करंडक जिंकल्याचा उल्लेख येतो, आणि वय हाच चमत्कार ठरतो. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा देवधर चाळिशीत होते, हा त्यातला हळहळीचा भाग.

मात्र या चरित्राचा आर्थिक पाया क्वचितच तपासला जातो. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. खेळावर पोट अवलंबून नसल्यामुळेच ते ‘हौशी’ राहू शकले. इंग्लंडमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद १९६३ च्या हंगामापासूनच संपला. आयर्लंडमध्येही हौशी खेळाडू पुष्कळदा विद्यापीठीय वर्तुळातून येत; शाळेत रग्बी व क्रिकेट खेळलेले सॅम्युएल बेकेट डब्लिन विद्यापीठाकडून प्रथम श्रेणीचे दोन सामने खेळले, हे त्यांच्या नाटकांच्या अभ्यासकांनाही अनेकदा ठाऊक नसते.

याच्या शेजारी पळवणकर बाळू यांचे जीवन ठेवावे. पुण्याच्या मैदानावर तुटपुंज्या पगाराची नोकरी करीत, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत ते घडले, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद या दलित खेळाडूस कधीच मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळले गेले, पै यांच्या अनुपस्थितीत नेतृत्व देवधरांकडे आले, आणि विठ्ठल व शिवराम या पळवणकर बंधूंनी निषेधार्थ माघार घेतली. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हा प्रसंग देवधरांच्या थोरवीस बाधा आणतो असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तो वगळणारे चरित्र मात्र अपुरे ठरते. संस्कृतच्या प्राध्यापकाला शोभेल अशी साक्षेपी चिकित्सा त्यांच्याच चरित्रकारांनी का टाळावी?

आपल्या परिसरापुरते बोलायचे तर, बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतील खेळाडू कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळतात. त्यांच्यापैकी अनेकांना हंगामात शेतीची कामे असतात. ‘हौशी’ हा शब्द त्यांना कोणत्या अर्थाने लावावयाचा, हा प्रश्न खुलाच आहे. २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना झाला. ते मैदान राखणाऱ्या कामगारांच्या मुलाखती एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी अवश्य घ्याव्यात.