भिंतीवर चिकटवलेलं घर

पँटोन ही अमेरिकी कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२४साठी पीच फझ होता, २०२५साठी मोका मूस, आणि २०२६साठी क्लाउड डान्सर, म्हणजे चक्क पांढरा. (आपल्याकडे तो बिल्डर ताबा देतानाच मारून देतो.) रंग जाहीर झाला की पुरवण्यांतून आणि रील्समधून येत्या वर्षाची यादी फिरू लागते: मातकट रंग, कमानी, चुन्याचा पोत, वेताचं विणकाम, गोल कडांचे सोफे, जपान आणि स्कँडिनेव्हिया यांच्या लग्नातून झालेलं 'जपांडी', आणि उभ्या पट्ट्यांचं पॅनलिंग. यादी खोटी नाही. पुण्या-मुंबईतल्या नव्या फ्लॅटांत हे सगळं दिसतंच. मात्र त्यातलं बहुतेक भिंतीवरून आत शिरत नाही. आजची आपली गृहसजावट ही पृष्ठभागाची कला झाली आहे, आणि त्याचं खापर सगळंच्या सगळं लोकांच्या अभिरुचीवर फोडणं बरोबर नाही.

निम्मं कारण बांधकामात आहे. अलीकडचे बरेच मोठे गृहप्रकल्प अॅल्युमिनियम फॉर्मवर्कचे असतात. साइटवर त्याला सरसकट 'मिवान' म्हणतात. भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. मजला झपाट्याने चढतो, भिंत ओळंब्यात येते, प्लास्टरचा खर्च वाचतो. पण भिंत सगळी आरसीसी. वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच आत गेलेले, स्विचची जागा ठरलेली, आणि नंतर छिन्नी लावायला सक्त मनाई. विटांच्या इमारतीत स्वयंपाकघराची भिंत अर्धी उतरवता यायची, दोन कप्पे आत कोरता यायचे. इथे डिझायनरला पुढून काहीतरी चिकटवण्यापलीकडे फारसा वाव नाही. टीव्हीच्या तारा लपवायला पॅनल आणि दिव्याची जागा बदलायला फॉल्स सीलिंग. आधीच बेताची उंची, त्यातली सहा-आठ इंच जिप्समने खाल्ली, की पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो. पॅनलिंगची लाट इटलीतल्या प्रदर्शनातून आली असं डिझायनर सांगतात. इथे ती टिकली ती मात्र या न हलणाऱ्या भिंतींमुळे.

ते पॅनल जवळून बघावं. खोलीत शिरताना उभ्या सावल्यांमुळे ते खरंच देखणं दिसतं. जवळ गेलं की प्रत्येक खाचेत धुळीची बारीक रेघ असते, कारण पोछ्याचं फडकं त्या खाचेत जात नाही. एमडीएफचं असेल तर दोन पावसाळ्यांत खालची कड फुगते आणि वरचा लाकडाचा छापील कागद सुटू लागतो. लाकडाचं चित्र असलेला कागद भुश्याच्या फळीवर चिकटवायचा आणि त्याला 'नैसर्गिक पोत' म्हणायचं, हा या काळाचा खास विनोद आहे. कमानींचंही तसंच. वाड्यातला कोनाडा भिंतीच्या जाडीतून यायचा. हात-दीड हात भिंतीत कोरलेली ती जागा दिव्याची, तांब्याची, पोथीची होती. आजची कमान जिप्सम बोर्डाची, चार इंच पुढे आणलेली, आत एलईडीची पट्टी. ती जागा देण्याऐवजी खोलीची जागा घेते.

चुन्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण येऊ घातलेल्या गोष्टींत ही खरोखर मोलाची आहे. कळीचा चुना पाण्यात विझवून मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत दळायचा, त्यात गूळ किंवा बेलफळाचं पाणी घालायचं, ही आपल्याकडची जुनी कारागिरी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, आणि क्षारधर्मी असल्यामुळे बुरशीला सहजासहजी थारा देत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेला याहून चांगला लेप शोधून सापडणार नाही. अडचण अशी की चुन्याला सच्छिद्र भिंत लागते. आपल्या भिंतीवर असते पुट्टी आणि तिच्यावर प्लॅस्टिक इमल्शन; त्यावर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. तेव्हा बाजाराने सोपा उपाय काढला: चुन्यासारखा दिसणारा अॅक्रिलिक रंग. ढगाळ छटा तीच, पण भिंतीचा श्वास तसाच कोंडलेला. ग्राहकाने 'चुना' मागितला आणि त्याला चुना लावला गेला, असं म्हणायचा मोह आवरत नाही.

फॅशन बाहेरून आली म्हणून नाक मुरडावं असं नाही. १९३७मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईत 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, तेव्हाची आधुनिक खोलीही परदेशीच होती. पण ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती बघा (ओव्हलभोवतीचा समूह २०१८पासून युनेस्कोच्या यादीत आहे). खिडक्यांवरून भुवयांसारखे फिरणारे छज्जे ऊन-पाऊस अडवतात, बाल्कन्या वारा घेतात. त्या पिढीने उसनी शैली इथल्या पावसात भिजवून घेतली.

त्या घरांची जमीनही बघण्यासारखी. १९२२मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या भरात सुरू केलेल्या भारत टाइल्सच्या सिमेंटच्या फरशा अजूनही बनतात, आणि सध्या त्यांना पुन्हा मागणी आहे. ही फरशी भाजत नाहीत. धातूच्या साच्यात नक्षीचे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ लगदा हाताने ओततात, साचा अलगद उचलतात, वर कोरडा आणि मग जाड थर देतात, दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरू देतात. रंग काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून पन्नास वर्षं पायाखाली घासली तरी नक्षी राहते. मोरबीची चकचकीत टाइल स्वस्त आणि डागरहित खरी, पण तिचा कोपरा उडाला की आतली माती दिसते. सिमेंटच्या फरशीला हळदीचा, लिंबाचा डाग पडतो, अधूनमधून पॉलिश लागतं. हे डिझायनरने आधी सांगितलं नाही, तर वर्षभरात गृहिणी ती उखडायला लावते, आणि तिचंही बरोबरच असतं.

स्वयंपाकघरावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. एवढंच, की 'ओपन किचन' ही फॅशन म्हणून विकलेली बिल्डरची एक भिंतीची बचत आहे, आणि बोंबलाच्या फोडणीनंतर सोफ्याच्या कापडालाच ते विचारावं. बिनमुठीच्या ट्रॉल्या पिठाच्या हाताने उघडून बघितल्याशिवाय कुणी घेऊ नयेत.

याद्यांमध्ये जे जवळजवळ कधीच येत नाही, ते म्हणजे न्हाणीघर. आपल्याकडे आई-वडील एकटे राहतात किंवा मुलाकडे राहायला आले आहेत अशी घरं वाढत चालली आहेत. कमोडशेजारी आधाराची दांडी, ओल्यात न घसरणारी खरखरीत फरशी, उंबऱ्याशिवायचं दार, रात्री पायाजवळ मंद दिवा: खर्च टीव्हीच्या पॅनलपेक्षा कमी. दांडी मात्र फोटोत दवाखान्यासारखी दिसते म्हणून डिझायनर ती आराखड्यात घेत नाही, आणि मालकही पहिलं कुणीतरी पडेपर्यंत मागत नाही.

खरं ताजं काम आज भाड्याच्या घरांत दिसतं. भाडेकरूला ना खिळा ठोकायची मुभा, ना अकरा महिन्यांनंतर राहायची खात्री. त्यामुळे त्याचं सगळं सुटं असतं: घडीचं टेबल, उभा दिवा, जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातून आणून पॉलिश केलेलं जुनं सागवानी कपाट. घर बदललं की ते टेम्पोत चढतं. फिक्स्ड फर्निचरवर काही लाख घातलेल्या मालकाला घर विकताना त्यातलं काहीच नेता येत नाही, आणि नवा मालक येतो तो सुतार बरोबर घेऊनच.