काळा टाय आणि औचित्यविचार

काव्यांतील गुण व अलंकार हे औचित्याच्या आधारावरच उभे राहतात, असें प्रतिपादन करणारा क्षेमेंद्र हा अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित आपला सिद्धान्त पटविण्यासाठीं जो दृष्टान्त घेतो तो वेषाचा आहे. मेखला गळ्यांत अडकविली आणि हार कमरेस बांधला, तर अलंकार तेच असूनहि पाहणारास हंसूंच यावयाचें. शोभा अलंकारांत नसून त्याच्या उचित स्थानांत असते, हा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. साहित्यशास्त्रानें वेषापासून घेतलेलें हें ऋण कधींतरी फेडिलें पाहिजे, अशा बुद्धीनें आम्हीं आज एका वेषसंकेताचेंच परीक्षण करण्याचें योजिलें आहे. इंग्रजी निमंत्रणपत्रिकेच्या तळाशीं 'ब्लॅक टाय' अशा दोन शब्दांनीं जो सांगितला जातो, तो हा संकेत होय.

विषय क्षुल्लक आहे, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आमच्या सुशिक्षित कुटुंबांतील मुलेंमुली आज विद्येच्या किंवा उद्योगाच्या निमित्तानें लंडन-न्यूयॉर्ककडे जातात, तेथील विद्यापीठांच्या व व्यवसायसंस्थांच्या भोजनांस त्यांस निमंत्रणें येतात, आणि मग 'काय घालावें' या प्रश्नाचा घरोघरीं खल होतो. वरवर पाहतां हा शिंप्याचा प्रश्न आहे. वास्तविक तो 'आपण तेथें कोण म्हणून जावें' असा प्रश्न आहे. तो शिंप्यावर सोंपवून चालणार नाहीं.

प्रथम या वेषाचा इतिहास पाहूं. कारण तो त्याच्या आजच्या गांभीर्याशीं मोठा विसंगत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील वरिष्ठ वर्गांत रात्रीच्या भोजनास लांब शेपट्यांचा काळा कोट व पांढरा बो हाच शिष्टसंमत वेष होता. इ. स. १८६५ त युवराज एडवर्ड यांनीं लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल यांच्या पेढीकडून सँड्रिंगम येथील घरगुती भोजनांसाठीं शेपट्या नसलेला एक आंखूड निळा कोट शिवून घेतला, असें त्या पेढीकडून सांगण्यांत येतें. पुढें इ. स. १८८६ त न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्क येथें धनिकांचा एक क्लब स्थापन झाला; त्या सुमारास हा कोट अमेरिकेंत रूढ झाला आणि त्या गांवाचेंच नांव त्यास तेथें चिकटलें. फ्रेंच लोक त्यास 'स्मोकिंग' म्हणतात; जेवणानंतर विड्या ओढीत बसण्याच्या वेळच्या सैल कोटाशीं असलेलें त्याचें नातें त्या नांवांत उरलें आहे. पहिल्या महायुद्धानंतर जुना शेपट्यांचा कोट मागें पडत गेला आणि हा आंखूड कोटच सायंकाळचा मुख्य वेष होऊन बसला. तात्पर्य, जो वेष शिष्टाचारापासून थोडी सुटका म्हणून जन्मास आला, तोच आज शिष्टाचाराचा कळस समजला जातो! यांत आश्चर्य नाहीं. जात्यावर बसून बायकांनीं म्हणावयाची ओवी ग्रंथांत शिरली, आणि पुढें तिच्याहि अक्षरांची व चरणांची चिकित्सा करणारे शास्त्री निर्माण झालेच कीं नाहीं? नियम मोडणारांची दुसरी पिढी बहुधा नियम करणारांची असते.

आतां या वेषाची घडण पाहूं. कोट काळा अथवा अगदीं गडद निळा. त्याच्या लॅपेलांवर रेशमाचा थर, त्यांचा आकार वर टोंक काढलेला किंवा शालीच्या कांठाप्रमाणें सलग वळलेला. विजारीच्या बाहेरच्या शिवणीवरून त्याच रेशमाची एक पट्टी; तळाशीं दुमड नाहीं, कमरेस चामड्याचा पट्टा नाहीं. सदरा पांढरा, त्याच्या छातीवर बारीक चुण्या, आणि बटणांऐवजीं काढतां-घालतां येणाऱ्या गुंड्या. बो काळा, लॅपेलाच्या रेशमाशीं जुळणारा व हातानें बांधलेला. बूट काळे व चकचकीत. सायंकाळीं सहाच्या पूर्वीं हा वेष घालूं नये, असाहि दंडक आहे.

या नियमांपैकीं पुष्कळ मनमानी वाटले, तरी त्यांच्यामागें दिव्याच्या उजेडाचें एक शास्त्र आहे. रात्रीं तांबूस-पिवळ्या प्रकाशांत रंगांचे बारीक भेद नाहींसे होतात. उरतो तो काळ्यापांढऱ्याचा विरोध. अंगभर काळा रंग, छातीवर पांढऱ्याचा एक त्रिकोण आणि त्याच्या शिरोभागीं मुखमंडल, अशी ही रचना असल्यामुळें पाहणाराची दृष्टि कापडावर न रेंगाळतां चेहऱ्याकडे जाते. कृत्रिम उजेडांत काळें कापड किंचित् हिरवट दिसतें आणि गडद निळें कापड मात्र काळ्याहून काळें भासतें; म्हणूनच, इ. स. १९३६ त सिंहासन सोडून पुढें विंडसरचे ड्यूक झालेले आठवे एडवर्ड यांनीं या निळ्या रंगाचा पुरस्कार केला. कलाकृति म्हणून पाहतां हा वेष वृत्तबद्ध कवितेसारखा आहे. शार्दूलविक्रीडिताचे गण कोणास बदलतां येत नाहींत; पण यति संभाळून आपला श्वास आपण घ्यावयाचा असतो. येथेंहि निवड नवी कल्पना काढण्यांत नाहीं, अंगास बसण्यांत आहे. कोट खांद्यावर सपाट बसला आहे काय, बाहीखालून सदऱ्याची कड सुमारें अर्धा इंच दिसते काय, यावरच सारें अवलंबून. हातानें बांधलेला बो किंचित् वांकडा राहतो; तो थोडासा वांकडेपणा म्हणजे त्या ठराविक रचनेवरील कवीची मुद्रिका होय. आयता बांधलेला बो निर्दोष असतो, आणि म्हणूनच निर्जीव दिसतो.

अलीकडे निमंत्रणपत्रिकांवर 'ऐच्छिक काळा टाय' किंवा 'कल्पक काळा टाय' अशीं नवीं विशेषणें येऊं लागलीं आहेत. आमच्या मतें हीं टीकाकाराच्या दृष्टीनें फार वाईट. वृत्तांत लिहा अथवा मुक्तछंदांत लिहा, असें सांगणें समजतें. पण 'ऐच्छिक वृत्तांत लिहा' या आज्ञेचा अर्थ काय करावयाचा? यजमानानें आपला संकोच पाहुण्याच्या माथीं मारण्याचा हा प्रकार आहे.

या काळ्या रंगावर साहित्यांतहि वाद झालेला आहे. बुल्वर-लिटन याच्या इ. स. १८२८ मधील 'पेल्हम' या कादंबरीनें पुरुषांच्या सायंवेषांत काळ्या रंगाची आवड पसरविली, असें मानतात, आणि इ. स. १८३३-३४ त मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'सार्टर रिसार्टस' या वस्त्रमीमांसेंत कार्लाइलनें ह्याच कादंबरीस नटव्यांच्या पंथाचें धर्मशास्त्र ठरवून तिची मनसोक्त थट्टा केली. पुढें फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञानें इ. स. १९३० च्या आपल्या ग्रंथांत असें मांडिलें कीं, अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील पुरुषानें सुंदर दिसण्याचा आपला हक्कच सोडून दिला. आम्हांस हें मत अर्धेंच पटतें. पुरुषानें रंग सोडिला खरा, पण डौल सोडिला नाहीं.

या अत्यंत विलायती वेषांत एक वस्तु मात्र आपल्याकडची आहे. जाकिटाऐवजीं कमरेस जो चुण्यांचा रेशमी पट्टा बांधतात, त्यास इंग्रज 'कमरबंड' म्हणतात. हा आमचा फारसी-हिंदुस्थानींतून आलेला कमरबंदच होय. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील उन्हाळ्यास कंटाळलेल्या गोऱ्या लष्करी अंमलदारांनीं जाकिटाचें ओझें टाकून तो उचलला, आणि येथून तो त्यांच्या मेजवान्यांत गेला. ज्या क्लबांच्या दारांतून नेटिवास प्रवेश नव्हता, त्यांच्या भोजनगृहांत नेटिवाचा कमरबंद मात्र सन्मानानें मिरवीत होता. तेव्हां हा संकेत सर्वस्वीं परकीय व शुद्ध आहे, असें म्हणून त्यास शिरोधार्य मानणारे आणि त्याच कारणासाठीं तो त्याज्य ठरविणारे, हे दोघेहि इतिहासास सोडून बोलतात.

मराठी घरांत या काळ्या रंगाची आणखी एक अडचण असते. आमच्याकडे मंगल प्रसंगीं काळें वस्त्र वर्ज्य, अपवाद संक्रांतीचा. त्या दिवशीं काळी चंद्रकळा नेसणें हीच शोभा. म्हणजे काळा रंग आम्हांस अपरिचित नाहीं, त्याची वेळ आमची निराळी आहे. लग्नाला निघालेल्या नातवानें काळा कोट चढविला म्हणजे आजी नाक मुरडते, त्यांत केवळ अज्ञान नसून तिच्या परंपरेचा औचित्यविचार आहे, आणि तो क्षेमेंद्राच्या जातीचाच आहे. स्त्रियांचा प्रश्न त्या मानानें सोपा आहे. या संकेतांत पुरुष ही पार्श्वभूमि असून रंगाचा अधिकार स्त्रीकडे आहे. पायघोळ वस्त्र एवढीच मुख्य अपेक्षा असते, आणि ती आमची साडी सहज पुरी करते. कांठपदराची पैठणी त्या काळ्यापांढऱ्या सभेंत जितकी खुलते तितकी ती रंगीबेरंगी लग्नमंडपांतहि खुलत नसेल. पॅरिसच्या ईव्ह सँ लोराँ यानें इ. स. १९६६ त पुरुषांचा हा कोटच स्त्रियांसाठीं शिवला, आणि त्या पार्श्वभूमीवरहि स्त्रियांनीं हक्क सांगितला, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

येथवर गुण सांगितले; आतां दोष. या वेषाचे समर्थक म्हणतात कीं, सर्वांनीं एकच वेष केला म्हणजे श्रीमंत-गरीब हा भेद मिटतो. भेद मिटतो तो दाराच्या आंत. दाराबाहेर तो दुप्पट होतो. वर्षांतून एकदां घालण्यासाठीं जो खास कोट बाळगूं शकतो किंवा भाड्यानें आणूं शकतो, तोच आंत येणार. वेब्लेन यानें इ. स. १८९९ तच दाखवून दिलें आहे कीं, आपल्यास अंगमेहनत करावी लागत नाहीं याची जाहिरात करणें, हें उंची वेषाचें एक कार्यच असतें. चुण्यांचा पांढरा सदरा ती जाहिरात शब्दावांचून करतो. आणि परकीय सत्ता गेल्यावरहि तिचे द्वारपाल कसे उरतात, याचें उदाहरण दूर नाहीं. इ. स. २०१४ च्या जुलै महिन्यांत चेन्नई येथील एका क्रिकेट-क्लबांत पुस्तकप्रकाशनास गेलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस ते वेष्टी नेसून आले म्हणून दारांतूनच परत जावें लागलें. तामिळनाडूच्या विधानसभेनें त्याच वर्षीं कायदा करून असे निर्बंध रद्द केले. ज्या देशांत धोतर नेसून राज्यकारभार चालतो, त्या देशांत धोतरास बंदी करणारें दार हें शिष्टाचाराचें नव्हे, विस्मृतीचें लक्षण आहे.

परंतु या विषयावरील आमच्या मतें सर्वांत मोठें भाष्य पुण्यांत झालें, आणि तें ग्रंथानें नव्हे तर वेषानेंच केलें. इ. स. १८८८ च्या मार्चच्या २ तारखेस हरि रावजी चिपळूणकर यांनीं कॅनॉटच्या ड्यूकच्या सन्मानार्थ समारंभ केला. हे ड्यूक म्हणजे आंखूड कोट शिवून घेणाऱ्या त्याच युवराज एडवर्डचे धाकटे बंधु. उंची पोशाख करून जमलेल्या त्या प्रतिष्ठित मंडळींत महात्मा जोतीराव फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषांत. भाषणास उभे राहून त्यांनीं सांगितलें कीं, येथील थाटमाट पाहून राणीची प्रजा सुखी आहे असें समजूं नये. खरी प्रजा खेड्यांत आहे, तिची दशा पाहावी व तिच्या शिक्षणाची तजवीज करावी. वरवर पाहणारास यांत औचित्याचा भंग दिसेल. आमचें मत अगदीं उलट आहे. इतर मंडळी समारंभास शोभेल असा वेष करून आलीं; फुले सत्यास शोभेल असा वेष करून आले. त्यांनीं आपल्या वेषानें जें सूचित केलें, तेंच आपल्या शब्दांनीं पूर्ण केलें. वाच्य आणि व्यंग्य यांचा इतका मेळ साहित्यांतहि क्वचित् आढळतो. इ. स. १९३१ च्या नोव्हेंबरांत गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यांतील चहापानास आपल्या नित्याच्या पंचा-शालींत गेले, तें याच मालिकेंतील पुढचें उदाहरण होय.

तेव्हां नियमभंगाचे तीन प्रकार मानिले पाहिजेत. अज्ञानानें झालेला क्षम्य आहे. समंजस यजमानानें तो पाहूंहि नये. आपल्याकडे लक्ष वेधावें एवढ्याचसाठीं केलेला, म्हणजे जांभळा कोट किंवा चमचमता बो, हा काव्यांतील यमकांच्या आतषबाजीप्रमाणें उथळ आहे. तिसरा तत्त्वासाठीं केलेला. त्यास धैर्य लागतें, आणि ज्याच्या मागें बोलावयास कांहीं आहे त्यासच तो शोभतो. खिशांत भाषण नसतां फुल्यांचा वेष घेणें हें केवळ सोंग होय.

आमच्या तरुणांनीं मग काय करावें? यजमानानें प्रेमानें बोलाविलें असेल तर त्याच्या घरचा रिवाज पाळण्यांत कमीपणा नाहीं. वेष पूर्ण करावा, नीट बसणारा करावा, आणि घातल्यावर त्याचा विचार सोडून शेजारच्या पाहुण्याशीं बोलावें. अथवा स्वदेशी वेष घालावा. पण तोहि तितक्याच काळजीनें. स्टॉकहोमच्या नोबेल समारंभांत काळ्या टायहूनहि कडक असा पांढऱ्या टायचा नियम आहे, आणि तेथेंहि राष्ट्रीय वेषास समान मान आहे. इ. स. २०१९ त अभिजित विनायक बॅनर्जी यांनीं तेथें धोतर व बंदगळा घालून पारितोषिक स्वीकारलें, आणि एस्तेर दुफ्लो यांनीं साडी नेसून. बॅनर्जी यांच्या मातुःश्री मराठी आहेत, हें ध्यानांत घेतां आम्हांस त्याचें थोडें अधिक कौतुक वाटल्यास वाचक क्षमा करतील. धोतरावर कोट हें मिश्रण आहे, असा आक्षेप कोणी घेईल; परंतु धोतर, कोट, उपरणें आणि पगडी हा आमच्या आजे-पणजांचा सभेचा वेष मिश्रणच होता, आणि त्यांत कोणास विजोडपणा वाटला नाहीं. मिश्रण हा दोष नव्हे. अर्धवटपणा हा दोष आहे.

सारांश, काळा टाय हें एक चांगलें वृत्त आहे. त्यांत पुष्कळ सुंदर रचना झाल्या, आणि पुढेंहि होतील. पण वृत्त म्हणजे काव्य नव्हे, आणि अमुक एका वृत्तांत न लिहिणारास कवींच्या पंक्तींतून उठविण्याचा अधिकार कोणत्याहि शास्त्र्यास नाहीं.