पडद्यावरचा धडा आणि मूळ कागद : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात शालेय ग्रंथपालाच्या भूमिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील शाळांमध्ये तंत्रज्ञान टप्प्याटप्प्याने आले. केंद्र शासनाच्या २००४ च्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजनेने माध्यमिक शाळांत संगणक आणले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. या साधनसामग्रीने अध्यापन अधिक आकर्षक झाले, यात शंका नाही. तथापि धडा पडद्यावर दिसणे आणि विद्यार्थ्याने मूळ साधन वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कोणी भरून काढावयाचे, या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील एका उदाहरणाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गीकरण आणि वाचन

बालभारतीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इयत्ता आठवीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण ‘इतिहासाची साधने’ हे आहे. भौतिक, लिखित, मौखिक आणि दृक्-श्राव्य साधनांची ओळख विद्यार्थ्यांना आरंभीच करून देण्याची ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु वर्गात बहुधा या प्रकाराचे वर्गीकरणच तेवढे पाठ होते. पुढे सविनय कायदेभंगाचे प्रकरण येते, तेव्हा पहिल्या प्रकरणातील ‘लिखित साधन’ कोठेच हाती येत नाही. क्यूआर कोडमधून मिळते ते बहुतांशी त्याच धड्याचे दृक्-श्राव्य स्पष्टीकरण. म्हणजे दुय्यम साधनाला आणखी एका दुय्यम साधनाची जोड मिळते. माध्यम बदलते, ज्ञानाचा स्तर बदलत नाही.

जंगल सत्याग्रह : एक उदाहरण

वणी येथे १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जुलै १९३० मध्ये पुसद येथे राखीव वनातील गवत कापून सत्याग्रह करण्यात आला. जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ही घटना ठाऊक असते. मात्र गवत कापणे हा गुन्हा का ठरत होता, हे विचारल्यास उत्तर सहसा मिळत नाही. १९२७ चा भारतीय वन कायदा आज महाजालावर कोणालाही वाचता येतो. त्यातील ‘वनोत्पादन’ या संज्ञेच्या व्याख्येत गवताचा स्पष्ट उल्लेख आहे. हे एक पान वाचले तरी सत्याग्रहींनी गवताचीच निवड का केली असावी, याचा विचार वर्गात सुरू होऊ शकतो.

खरा प्रश्न यापुढेच उभा राहतो. कायद्याच्या तळटिपांत, तो वऱ्हाडला १९४१ च्या ‘बेरार लॉज ॲक्ट’ने लागू केल्याची नोंद आहे. मग १९३० मध्ये पुसदच्या वनाला कोणते नियम लागू होते? या प्रश्नाचा मागोवा विद्यार्थ्याला वऱ्हाडच्या वेगळ्या राजकीय स्थितीपर्यंत घेऊन जातो. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला, १९०२ च्या करारान्वये कायम पट्ट्याने घेतलेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला हा प्रदेश नावापुरता निजामाचाच होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यांसाठी स्वतंत्र आदेश काढावे लागत. एका तळटिपेतून उघडणारा हा इतिहास कोणत्याही तयार चित्रफितीतून हाती लागणार नाही.

शोध आणि शोधक

येथे आक्षेप घेतला जाईल की, साधने महाजालावर असताना मध्यस्थाची आवश्यकता काय? राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आहे, जुनी गॅझेटिअरे उपलब्ध आहेत. शिक्षकाने शोधावे, एवढेच. हा आक्षेप वरवरचा आहे. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पूर्वी ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जात होता आणि पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात, इंग्रजी कागदांतील ‘बासिम’मध्ये, होता. इंग्रजी अमदानीत यवतमाळचे रोमन स्पेलिंगही ‘येवतमाळ’ अशा उच्चाराचे होते. ब्राऊन आणि रसेल यांचे १९०८ चे जिल्हा गॅझेटिअर त्याच जुन्या स्पेलिंगने शोधावे लागते. आजचे नाव टंकित करणाऱ्यास बरेचसे कागद दिसणारच नाहीत. ते कोणत्या नावाखाली आहेत हे सांगणे हे ग्रंथपालाचे शास्त्र आहे. गॅझेटिअर हा राज्यकर्त्यांचा आवाज आहे, तो तसाच वाचावयाचा असतो, हे शिकविणे शिक्षकाचे काम आहे. दोघांपैकी एकाच्या अभावी दुसऱ्याचे काम अपुरे राहते.

हे सत्य या जिल्ह्यास नवे नाही. डॉ. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळच्या शारदाश्रमातून महानुभाव पोथ्यांच्या संशोधनाची परंपरा उभी केली. सांकेतिक लिपीतील पोथीचे छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी लिपीची किल्ली जाणणारा नसेल तर ते केवळ चित्रच राहते. पडद्यावरील मूळ कागदाची स्थिती याहून वेगळी नसते.

धोरणातील विसंगती

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेसाठी ग्रंथालय आवश्यक मानले आहे. पण त्याच अनुसूचीत ग्रंथपालाचे पद नाही. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली, तीही पुस्तकांसाठी. उपकरण मोजता येते, पुस्तक मोजता येते. त्यांना अर्थ देणारी व्यक्ती मात्र मोजणीत येत नाही. ग्रंथालय म्हणजे कपाट आणि डिजिटल शाळा म्हणजे पडदा, असे समीकरण यातून रूढ होते.

समारोप

अभ्यासक्रमाचा भार आणि परीक्षेचे दडपण पाहता प्रत्येक धड्यास मूळ साधन जोडणे शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु सत्रात एक तासिका आणि एक पान एवढी अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी आंतरजालाची अखंड जोडणीही लागत नाही. आधी उतरवून घेतलेल्या पानाची छापील प्रत पुरते. जेथे ग्रंथपाल आहे तेथे त्याने व इतिहास-शिक्षकाने मिळून जिल्ह्याची साधन-संचिका तयार करावी. जेथे पदच नाही, तेथे केंद्रशाळेच्या स्तरावर अशी व्यवस्था उभी करण्यास जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी साहाय्य करावे. पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी संदर्भ पारखू शकत नाही, अशी तक्रार करणाऱ्या प्राध्यापकवर्गाचे हितही यातच आहे. मूळ कागदाला प्रश्न विचारण्याची सवय आठवीत लागली नाही, तर ती महाविद्यालयात लावणे कितीतरी अधिक अवघड ठरते.