चुळबुळ्या फिलिप आणि त्याचा विसरलेला सोबती

अतिचंचल मुलांविषयीच्या लेखांत आणि व्याख्यानांत एका जर्मन पुस्तकाचा उल्लेख हटकून येतो. १८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलाला देण्याजोगे चित्रपुस्तक दुकानांत मिळेना, म्हणून फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रे काढून पद्ये रचली. १८४५ मध्ये ती छापली गेली आणि ‘श्ट्रुवेलपेटर’, म्हणजे ‘झिपऱ्या पीटर’, या नावाने जगभर पोचली. लगेचच्या आवृत्त्यांत भर पडलेली चुळबुळ्या फिलिपची गोष्ट ही एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांची, जुनी नोंद म्हणून दाखवली जाते. आम्हांला हे अर्धेच पटते.

फिलिप जेवायला बसला आहे. वडील दरडावतात, आई गप्प बसून पाहते. पोरगा खुर्ची मागेपुढे झुलवतो, तोल जातो, आधाराला टेबलावरचे कापड धरतो आणि बशा, पाव, सगळे घेऊन खाली येतो. विचाराच्या आधी हातपाय धावणे होफमान यांनी अचूक टिपले आहे. पण हे एका जेवणाचे चित्र आहे. निदान करणारा तज्ज्ञ विचारील की, हे निदान सहा महिने चालले आहे का? घरीही होते आणि शाळेतही? सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची आहे का? यांतले काहीच गोष्टीत नाही. एका तासाच्या दंग्यावरून ‘हा एडीएचडीचा’ असा शिक्का मारणाऱ्या शिक्षकाची चूकही हीच. (असे शिक्के अलीकडे फार स्वस्त झाले आहेत.)

त्याच पुस्तकात हान्स आहे. त्याच्याकडे वाचक क्वचितच वळतात; आमच्या मते मात्र शिक्षकाने आधी वाचावी ती त्याची गोष्ट. हान्स शाळेला निघतो तो आभाळातल्या पाकोळ्या पाहत. समोरून आलेल्या कुत्र्यावर आदळतो, आणि पुढे एके दिवशी सरळ नदीत पडतो. दोन माणसे त्याला काठीने ओढून काढतात, दप्तर मात्र वाहत जाते आणि मासे हसतात. हान्स कोणालाही त्रास देत नाही, म्हणूनच तो वर्गात दिसत नाही. लक्ष न टिकणे हाच ज्यांचा मुख्य त्रास, अशा मुलांचे, त्यातही मुलींचे, निदान उशिरा होते ते यामुळेच. प्रगतिपुस्तकात त्यांच्यापुढे ‘हुशार, पण निष्काळजी’ असा शेरा असतो.

पुस्तकाचा खरा दोष कारणमीमांसेत आहे. फिलिप ऐकत नाही आणि हान्स समोर पाहत नाही, म्हणून दोघे पडतात. १९०२ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांच्या ‘नैतिक संयमा’बद्दलच बोलणे केले, पण बुद्धी शाबूत असूनही हे का घडते, याचे कारण त्यांनी शरीरात शोधले. आज जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की, मुलामुलांमधल्या या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आनुवंशिक आहे. दरडावून तो बदलत नाही.

मग हान्सला बसवायचे कुठे? खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी. दहा गणितांऐवजी तीन द्यावीत, तपासून पुढची तीन. फिलिपला वह्या वाटायला, फळा पुसायला उठवावे. शिवाय दोघांसाठी महिनाभराची साधी नोंद ठेवावी: कोणता तास, काय घडले, आधी काय चालले होते. पालकांना बोलावताना आणि पुढे डॉक्टरांकडे पाठवताना तीच वही सोबत द्यावी. होफमान यांच्या पुस्तकात हान्स शाळेला निघतो खरा, पण शाळा एकाही चित्रात नाही.