अपयशाचा अभ्यास : ‘लेशी’ ते ‘वान्यामामा’

काव्यनिर्मितीच्या कारणांचा विचार करताना मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा एकत्र निर्देश केला. आणि ही तीन पृथक् कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असेही स्पष्ट केले. आपल्या समीक्षेत यांपैकी शक्तीची, म्हणजे प्रतिभेची, चर्चा विपुल झाली आहे. अभ्यासाविषयी मात्र आपण एखादे गौरवपर वाक्य लिहून पुढे जातो. प्रारंभीच्या अपयशाने खचून न जाता अमुक लेखकाने लेखन चालू ठेवले, असे विधान चरित्रग्रंथांत वारंवार आढळते. परंतु या चालू ठेवण्यात तो नेमके काय शिकला हे सांगितल्याखेरीज ते विधान चरित्रापुरतेच राहते. समीक्षेला त्याचा उपयोग नाही.

अर्थात हे सांगणे सोपे नाही. फसलेली संहिता लेखक बहुधा नाहीशी करतो किंवा ती दुर्लक्षित राहते, आणि समीक्षकाच्या हाती केवळ यशस्वी कृती उरते. ज्या थोड्या ठिकाणी दोन्ही संहिता उपलब्ध आहेत, त्यांत अंतोन चेकॉव्हच्या ‘लेशी’ आणि ‘वान्यामामा’ या नाटकांचे स्थान महत्त्वाचे आहे. लेशी म्हणजे रशियन लोकसमजुतीतील वनात राहणारे पिशाच. या नावाचे चार अंकी नाटक २७ डिसेंबर १८८९ रोजी मॉस्को येथील अब्रामोवाच्या नाट्यगृहात प्रथम सादर झाले आणि थोड्याच प्रयोगांनंतर बंद पडले. तत्पूर्वी पीटर्सबर्गच्या नाट्यसमितीने ते नाकारले होते. आणि मॉस्कोच्या माली रंगभूमीवरील नामांकित नट लेन्स्की याने नाटकाचा नाद सोडून कथाच लिहाव्यात, असा रोखठोक सल्ला लेखकास दिला होता. चेकॉव्ह त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता. कथाकार म्हणून त्याची कीर्ती प्रस्थापित झालेली होती. त्यामुळे हे अपयश नवशिक्याचे नव्हते. एका कलाप्रकारात सिद्धी मिळवलेला लेखक दुसऱ्या प्रकारात पुन्हा विद्यार्थी होतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१८९६ च्या अखेरीपर्यंत याच सामग्रीतून ‘वान्यामामा’ हे नाटक सिद्ध झाले. १८९७ साली ते छापले गेले आणि २६ ऑक्टोबर १८९९ रोजी मॉस्को आर्ट थिएटरने ते रंगभूमीवर आणले. विशेष हा की, दुसऱ्या व तिसऱ्या अंकांचा फार मोठा भाग जुन्या नाटकातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. वाक्ये तीच, प्रसंग तेच. तरी एक कृती निष्प्रभ आणि दुसरी श्रेष्ठ. याचा अर्थ असा की, दोष वाक्यरचनेत नव्हता. तो रचनेत, म्हणजे प्रसंगांच्या परस्परसंबंधांत होता.

पहिला बदल पात्रसंख्येचा आहे. ‘लेशी’त तेरा पात्रे आहेत, ‘वान्यामामा’त नऊ. ओर्लोव्स्की पितापुत्र, झेल्तुखिन आणि त्याची बहीण यूल्या ही शेजारची मंडळी संपूर्ण गळली. मारीना ही वृद्ध दाई मात्र नव्याने आली. गळलेली पात्रे निर्जीव होती असे नाही. परंतु त्यांचे मुख्य कार्य अखेरीस जोड्या जुळवण्याचे होते. ‘लेशी’ स्वतःला विनोदिका म्हणवते आणि चौथ्या अंकात त्या प्रकाराचे देणे फेडते. वनप्रेमी ख्रुश्चोव्ह आणि सोन्या यांचे मनोमीलन होते, दुसरेही एक जोडपे जमते. दोन आठवड्यांपूर्वी त्याच घरातील एका माणसाने आत्महत्या केलेली असताना ही सुखान्तिका उभी राहते, याचा वाचकाला धक्का बसतो. लेखकाला मात्र तो बसला नसावा. निदान त्या वेळी.

दुसरा आणि निर्णायक बदल पिस्तुलाच्या आवाजाचा आहे. दोन्ही नाटकांत तिसऱ्या अंकात प्राध्यापक सेरेब्र्याकोव्ह इस्टेट विकण्याची योजना मांडतो आणि आयुष्यभर त्याच्यासाठी राबलेला मेहुणा भडकून उठतो. ‘लेशी’त हा मेहुणा आत जाऊन स्वतःवर गोळी झाडतो. चौथ्या अंकात त्याची रोजनिशी वाचली जाते, त्याच्यावरील आळ खोटा ठरतो, आणि सर्वांना पश्चात्तापाची सोय होते. ‘वान्यामामा’त तो प्राध्यापकावर दोनदा गोळी झाडतो आणि दोन्ही वेळा नेम चुकतो. पुढे चोरलेले मॉर्फीनही त्याला परत करावे लागते. म्हणजे सूड नाही आणि मरणही नाही. प्राध्यापक निघून जातो, पूर्वीप्रमाणेच पैसे पाठवण्याचे त्याला आश्वासन मिळते, आणि मामाभाची तेलाच्या व धान्याच्या नोंदी करीत हिशेबाच्या वह्यांपुढे बसतात.

आत्महत्या प्रश्न मिटवते. चुकलेली गोळी प्रश्न तसाच ठेवून माणसाला दुसऱ्या दिवशी जगावयास लावते. आपल्या मते चेकॉव्ह जे शिकला ते हेच. कथेतील मोठी घटना ही कथेचा शेवट असलीच पाहिजे असे नाही. ती निष्फळ ठरल्यानंतर जे उरते, ते अधिक सांगण्याजोगे असू शकते. कथाकार म्हणून त्याला हे ठाऊक होतेच. ते रंगभूमीच्या रूढ संकेतांविरुद्ध वापरण्याचे धैर्य मात्र त्याला ‘लेशी’ फसल्यानंतर आले.

तिसरा बदल नावाचा असून तो भाषाभ्यासकास विशेष विचारार्ह वाटावा. पहिल्या नाटकातील मामा येगोर असून घरात त्याला झोर्झ या फ्रेंच वळणाच्या रूपाने हाक मारतात. दुसऱ्यात तो इव्हान झाला. त्याची पुस्तकी वृत्तीची आई त्याला झान म्हणते. पण सोन्याच्या तोंडी तो साधा घरगुती वान्या आहे, आणि शीर्षकाने सोन्याचीच हाक स्वीकारली आहे. आधीचे शीर्षक एका आदर्शवादी माणसाला मिळालेले टोपणनाव होते. नंतरचे एक नाते आहे. रशियन भाषेतील ‘द्याद्या’ हा शब्द मामा, काका या सर्वांसाठी चालतो. मराठी अनुवादकाला निवड करावी लागते, आणि संहितेच्या आधारे ‘मामा’ हीच निवड योग्य ठरते, कारण तो सोन्याच्या मृत आईचा भाऊ आहे. रशियनमध्ये जे सूचित राहते ते मराठीत उघड होते : दिवंगत बहिणीची मालमत्ता आणि तिची लेक सांभाळणारा भाऊ. मराठी वाचकाला या नात्याची आर्द्रता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. १८९० साली चेकॉव्हने साखालीन बेटाचा खडतर प्रवास केला; तेथील बंदिवानांच्या दर्शनाने त्याची जीवनदृष्टी बदलली, आणि नाटकातील फरक त्या अनुभवाचा आहे, रचनेच्या अभ्यासाचा नव्हे. हा आक्षेप सर्वस्वी अमान्य करता येत नाही. तथापि अनुभवाने दृष्टी दिली असे मानले, तरी कोणते पात्र वगळावे, गोळी कोठे चुकवावी, हे अनुभव सांगत नाही. शिवाय वनांच्या नाशाविषयीची भाषणे ख्रुश्चोव्हकडून आस्त्रोव्हकडे आली, ती विचारांत फारशी न बदलता आली. दृष्टीचा एवढा अंश पूर्वीही शाबूत होता. त्या विचारांना पेलणारा माणूस तेवढा बदलला : आदर्शवादी नायकाच्या जागी थकलेला, मद्यपी, तरीही झाडे लावणारा डॉक्टर आला.

चेकॉव्हने ‘लेशी’ पुन्हा छापू दिले नाही. आपण ते नाटक विसरू पाहत आहोत, अशा आशयाचे त्याने १८९९ मध्ये एका पत्रात लिहिले. लेखकाच्या या तिरस्काराचा आदर करूनही अभ्यासकाने ती संहिता विसरता कामा नये. आपल्या विभागातील जे विद्यार्थी स्वतः कथा लिहितात, त्यांची पहिली कथा साभार परत आली की त्यांतील काही लेखन सोडतात, तर काही संपूर्ण नवी कथा लिहावयास घेतात. दोहोंतही जुन्या कथेकडे पुन्हा पाहणे टळते. ‘वान्यामामा’ची संहिता सांगते ती गोष्ट अधिक कष्टाची आहे. फसलेल्या लेखनातील खरे काय आणि उसने काय हे निवडून काढावे, खऱ्याला हात लावू नये, आणि उसने कितीही शोभिवंत असले तरी काढून टाकावे. मम्मटाचा अभ्यास हा केवळ पुनरावृत्तीचा नव्हता. जाणत्यांच्या मार्गदर्शनाने तो करावा, असे तो म्हणतो. चेकॉव्हच्या बाबतीत तो जाणता त्याचे स्वतःचेच फसलेले नाटक होते.