मयताचे सामान आणि उपसणारे हात

मराठी कथेत म्हातारा मरतो तेव्हा मुलगा ट्रंक उघडतो. तीत चष्मा असतो, पिवळी पडलेली पत्रे असतात, आईच्या लुगड्याची घडी असते. मुलाला गहिवर येतो, वाचकालाही येतो आणि कथा संपते. त्यानंतर ती खोली रिकामी होते. गादी, बाज, औषधांच्या बाटल्या, थुंकदाणी, मोरीतली बादली हे सगळे कुणीतरी जिन्यावरून खाली आणतो. तो कोण, याबद्दल प्रस्थापित कथेत एक ओळ सापडत नाही. हा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे असे म्हणणारे समीक्षक आपल्याकडे अजून आहेत. ट्रंकेतला चष्मा वाङ्मयात येतो आणि गादीतली सुई येत नाही, ही निवड कुणी केली, एवढेच त्यांना विचारावे.

ती सुई कल्पनेतली नाही. अंथरुणाला खिळून गेलेल्या माणसाच्या खोलीत इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया उशीच्या अभ्र्यात, गादीखाली, डब्यात टाकलेल्या असतात. वाळलेल्या रक्तात काविळीचा ब-विषाणू निदान सात दिवस तग धरतो. त्यावर लस आहे, तीन टोचण्यांची. पण ज्याचा हात अभ्र्यात जातो त्याला ती कुणी दिली आहे काय? बंद खोलीत उंदीर झाले असतील तर त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो, आणि पायाला चीर असली की तो सहज शिरतो. जुनी गादी झटकली की कापसाची धूळ आणि बुरशी छातीत जाते. मुदत संपलेली औषधे, फुटलेला थर्मामीटर आणि त्यातला पारा, ॲसिडची बाटली, दोघांनी उचलायचे ते लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन उतरायचा तो अरुंद जिना. एकटा माणूस मेला आणि तीन दिवसांनी दार फोडले, तर त्या फरशीची गोष्ट आणखी वेगळी. हे काम करणाऱ्याला जाड रबरी मोजे हवेत, कारण दवाखान्यातल्या पातळ मोज्यातून सुई आरपार जाते. नाकातोंडाला नीट बसणारा मास्क हवा, बूट हवेत. 2020 च्या साथीत घरी असलेल्या रुग्णाचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले होते. कचरा उचलणाराही आजारी पडू शकतो, हे त्या वेळी थोडे दिवस सर्वांना दिसले होते.

पण मोज्यांपाशी थांबलो तर मूळ गोष्ट सुटेल. मूळ गोष्ट सौद्यात आहे. भंगारवाल्याशी किंवा नाक्यावरच्या माणसाशी घरचे लोक बोलतात ते असे : जे आहे ते सगळे तुम्ही घेऊन जा, खोली तेवढी मोकळी करून द्या. मजुरी ठरत नाही. मजुरी सामानातच आहे. तांब्याचा बंब, पितळी डबा, पंख्याची मोटार, काय निघेल ते. मग ज्याची मजुरी घाणीत पुरलेली आहे तो घाणीत हात घालणारच. उशी फाडून पाहणार, खिसे उलटे करणार, डब्याच्या तळाशी बोटे फिरवणार. त्याला "सांभाळून काम कर" असे सांगणे म्हणजे "मजुरी सोडून दे" असे सांगणे आहे.

हा सौदा भंगारवाल्याने काढलेला नाही. तो मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलेला आहे. तिथे चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत, ज्याला कुणी नातलग नाही त्याचे प्रेत बाहेर काढावे, आणि देहदंड झालेल्याचे कपडे, अंथरूण व दागिने घ्यावेत, अशी व्यवस्था आहे. मयताच्या घरातल्या सामानाची यादीच ती! काम नेमून दिले आणि मोबदला त्याच कामाच्या घाणीत ठेवला. गावगाड्यात तीच व्यवस्था महाराच्या बावन्न हक्कांत आली. मढ्यावरचे कापड हा हक्क झाला, मेलेले ढोर हाही हक्क झाला. हक्क हा शब्द किती क्रूरपणे वापरता येतो याचे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडला मेलेल्या ढोराचे मांस सोडा म्हणून सांगितले आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली, तेव्हा प्रश्न मानाचा होता तसा तो देहाचाही होता. महार वतन कायद्याने 1958 साली संपले. वतनाचा सौदा मात्र शहरात येऊन बसला.

त्या कापडातून काय येत होते, हे 1896 च्या मुंबईतल्या प्लेगने दाखवले. पुढे 1898 साली पॉल-लुई सिमाँ याने प्लेग पिसवांतून पसरतो हे शोधले. उंदरांच्या पिसवा माणसाच्या कपड्यांत आणि अंथरुणात शिरतात. म्हणजे मयताचे अंथरूण ज्याचा हक्क, त्याच्या घरात पहिल्यांदा मरण. तेव्हा सरकारने घरे धुतली, कौले काढून ऊन आत घेतले, जमिनी खणल्या, पाऱ्याचे विषारी द्रावण शिंपडले, कपडे जाळले. पुण्याच्या घरझडत्या आणि 22 जून 1897 ला रँडवर झाडलेली गोळी यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्या घरांतून सामान बाहेर काढणारे, ते द्रावण उघड्या हातांनी शिंपडणारे कोण होते? मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या अहवालात हलालखोर शहर सोडून गेले तर काय होईल, ही धास्ती आहे. धास्ती शहराच्या घाणीची होती, हलालखोराच्या जिवाची नव्हे.

या पार्श्वभूमीवर अण्णा भाऊ साठे यांची "स्मशानातील सोनं" ही कथा पुन्हा वाचावी लागते. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. राखेत त्याला सोने सापडते, आणि मग तो राख चाळू लागतो, मढी उकरू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. एका मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, डॉक्टरला दोन बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी बंद खाण सुरू होते. समीक्षकांनी या कथेत भुकेचे थैमान पाहिले, भीषणता पाहिली, नियतीचा उपरोधही पाहिला. नियती हा शब्द आला की मालक सुटतो! आमच्या मते ही मराठीतली कामावरच्या अपघाताची एक थोर कथा आहे. भीमाची मजुरी मढ्याच्या तोंडात आहे, म्हणून त्याचा हात मढ्याच्या तोंडात आहे. वर सांगितलेला सौदा इतका उघडा करून दुसऱ्या कुणी मांडलेला नाही. अण्णा भाऊंना तो दिसला, कारण श्रम हा त्यांच्या दृष्टीने कथेचा कणा होता, देखावा नव्हता.

आपल्या स्वतःच्या समीक्षेलाही इथे विचारले पाहिजे. दया पवारांच्या "बलुतं"मध्ये (1978) कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काचा वेचतात. आपण त्याला दाहक वास्तव म्हटले आणि पुढे गेलो. काच कुठे लागते, जखमेवर काय लावतात, त्या दिवसाची कमाई बुडाली तर चूल कशी पेटते, हे विचारले नाही. वेदना या शब्दावर आपण इतके प्रेम केले की वेतन हा शब्द मागे राहिला.

काही मित्र म्हणतील, मोजे आणि लस मागणे म्हणजे जातीचा धंदा पक्का करणे. आपण तो धंदा सोडायचा, सुधारायचा नाही. हा आक्षेप हलका नाही, आणि तो ज्या परंपरेतून येतो ती आमचीही आहे. पण सोडण्याच्या दिवसापर्यंत हात रोज अभ्र्यात जातो आहे. आणि धंदा टिकून राहतो तो मुख्यतः फुकट होतो म्हणून. खोली रिकामी करण्याची रोख मजुरी आधी ठरली, सुया आणि औषधे घरच्यांनी स्वतः वेगळी काढून द्यायची असे झाले, दोन माणसांचे ओझे दोन माणसांनाच मिळाले, तर मुलगा ट्रंक उघडताना गादीही उलटून पाहील. तेवढ्याने जात जाणार नाही. पण तिचा एक स्वस्तपणा जाईल.

भीमाच्या बोटांचा हिशेब कथेत नाही, तो समीक्षेने करायला हवा होता. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या, पुढे दुरुस्त झालेल्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेली तर कमावण्याची ताकद 20 टक्के कमी झाली असे धरले गेले. तीच बोटे खाणीत गेली असती तर मालकाच्या दारात निदान हा आकडा घेऊन उभे राहता आले असते. ती मढ्याच्या तोंडात गेली. तिथे मालक नाही, मुकादम नाही, हजेरीपट नाही. दुसऱ्या दिवशी खाणीवर उरलेल्या बोटांत भीमा सुतकी कशी धरणार आहे?